दादा, ओव्हन आत्ता घेऊ नकोस

आई, दादा, दोघांनाही नमस्कार.

दादाने कॉम्बी ओव्हनचं कोटेशन टाकलं ते बघितलं. फोनवर बोलायला गेलं की नेट तुटतं म्हणून सगळं लिहूनच पाठवतोय, दादा आईला वाचून दाखव. माझं सरळ मत आहे की तो ओव्हन आत्ता घेऊ नये. मशीन भारी आहे यात वाद नाही, वाफ आणि कोरडी उष्णता एकाच मशीनमध्ये मिळते, इथे फ्रान्सला, ल्योंमध्ये, आमच्या किचनला तो दिवसभर चालू असतो. पण आपल्या खानावळीत भाकरी, सुकं, रस्से आणि भात, हे सगळं शेगडीवर होतं, मग एवढे पैसे घालून वर थ्री फेज विजेच्या कनेक्शनचं लचांड कशाला मागे लावून घ्यायचं.

त्याऐवजी पहिला खर्च चिमणीचा. फोडणी पडली की आईचा खोकला मला फोनवर ऐकू येतो आणि फार वाईट वाटतं. इथे सगळ्या शेगड्यांवर स्टीलचा हूड असतो, त्यातल्या फिल्टरना तेल धरतं, ते काढून धुवायचे, आणि धूर मोटर बाहेर ओढते. एक लक्षात ठेव, जेवढी हवा बाहेर जाणार तेवढी आत यायला वाट पाहिजे, म्हणून मागची खिडकी उघडी राहील असं बघ, नाहीतर मोटर नुसती घरघर करत बसेल.

दुसरं म्हणजे उरलेला रस्सा. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला की मधला भाग तासन्तास कोमटच राहतो आणि त्याच कोमटपणात जंतू वाढतात. फ्रान्समध्ये नियमच आहे, शिजवलेलं अन्न 63 डिग्रीवरून दोन तासांच्या आत 10 च्या खाली आलं पाहिजे. त्यासाठी इथे ब्लास्ट चिलर, म्हणजे अन्न झटपट गार करणारं मशीन असतं, ते आपल्याला नको. रस्सा उथळ ट्रेमध्ये ओतायचा, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, मधूनमधून हलवायचं, मग फ्रिज. जीएन ट्रे माग, म्हणजे व्यावसायिक किचनचे ठरलेल्या मापाचे ट्रे, 530 बाय 325 मिलिमीटरचे आणि 65 खोलीचे, बहुतेक ठिकाणी हेच माप चालतं त्यामुळे पुढे मशीन घेतलंस तर बहुतेक मशीनमध्ये बसतील. भातालाही हेच, भात तर जास्तच दगा देतो.

सोबत टोचून बघायचा थर्मामीटर घे, स्वस्त असतो. कोंबडी आतून 75 ला पोचली की झाली. तो बरोबर दाखवतो का हे बर्फाच्या पाण्यात बघ, शून्य यायला हवं, उकळत्या पाण्यात बघू नकोस कारण कोल्हापूर उंचावर आहे, तिथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं.

आता सुक्याबद्दल, आई हे तुझ्यासाठी. नवीन पोरं कढई भरून मटण टाकतात ना, मग पाणी सुटतं आणि ते परतण्याऐवजी उकडत बसतं. पाणी आहे तोवर तिथली उष्णता 100 च्या वर जात नाही, आणि तो तांबूस खमंग रंग धरायला साधारण 140 च्या वर जावं लागतं. म्हणून इथे मटण कापडाने कोरडं करतात, जाड बुडाच्या पॅनमध्ये थोडं थोडं टाकतात, आवाज चरचर असाच राहिला पाहिजे, आवाज बसला की समजायचं गर्दी झाली. मग बुडाला जे तपकिरी चिकटतं त्यावर थोडं पाणी घालून उलथन्याने सोडवून घ्यायचं आणि रश्श्यात टाकायचं, अर्धी चव तिथेच असते.

मी सध्या सॉसच्या सेक्शनला आहे, तिथे मुख्य काम स्टॉकचं, म्हणजे हाडं मंद आचेवर उकळून काढलेल्या रसाचं. वासराची हाडं ओव्हनमध्ये गडद भाजायची, कांदा, गाजर, सेलरी, थोडी टोमॅटो पेस्ट, वर थंड पाणी, आणि सहा ते आठ तास मंद आच. थंड पाण्यापासून सुरुवात केली की गढूळपणा करणारं सगळं हळूहळू गोळा होऊन वर फेस येतो, तो सतत काढत राहायचा. खळखळ उकळी आली तर चरबी पाण्यात मिसळते आणि स्टॉक गढूळ होतो. मीठ अजिबात नाही कारण पुढे आटवायचा असतो. आपल्या नळ्या आणि कापताना उरलेली हाडं अशीच वेगळी मंद आचेवर ठेवून बघा, तांबड्याला काय अंग येईल! पांढऱ्याचं अळणी मात्र आईच्याच पद्धतीने, त्यात मला काही बदलायचं नाही. आणि कुकर सोडू नका, त्यात 120 डिग्री मिळते म्हणून मटण पटकन मऊ होतं. त्याचा पहिला नमुना दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1679 मध्ये लंडनला केला होता.

पोरांचंही बघ दादा. इथे एस्कोफिए नावाच्या जुन्या फ्रेंच शेफने घालून दिलेली पद्धत अजून चालते, प्रत्येकाची जागा ठरलेली, एक भाज्यांना, एक मटणाला, एक गोडाला. आपल्याकडे एकच पोरगा भाकरी सोडून ताटं वाढायला पळतो आणि दोन्ही बिघडतं.

चाकू मी येताना आणतो. तोवर कापायच्या पाटाखाली ओला फडका घाल, पाट सरकणार नाही.

कोटेशनवाल्याला नाही म्हणून कळव आणि चिमणीवाल्याला बोलावून मापं घे, हूड शेगड्यांच्या बाहेर चारी बाजूंनी थोडा पुढे आला पाहिजे. तो काय आकडा सांगतो ते मला पाठव, पैसे मी घालतो. आईला खोकल्याचं डॉक्टरला दाखवून आण, चिमणीची वाट बघत थांबू नका.

तुमचा धाकटा