खोली ठरवण्याआधी

अमळनेर,
गुरुवार, रात्री साडेदहा

चि. ताई,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "आप्पा, धुळ्यात कोणता एरिया सेफ?" आणि मी गप्प बसलो. एकतीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला एवढंही सांगता येऊ नये, असं तुझ्या मनात आलं असेल. सांगता आलं असतं. धुळ्यात माझे जुने सोबती आहेत. एकाला फोन लावला असता तर त्याने दोन नावं चांगली म्हणून आणि चार वाईट म्हणून एका दमात सांगितली असती. पण तसली यादी हातात धरून तू खोली घ्यावीस असं मला वाटत नाही. त्या यादीच्या भरवशावर मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. ती पुढे सांगतो.

तू दोन खोल्या बघितल्यास. एक देवपूरच्या पुढे, नव्या कॉलनीत, बंगल्याचा वरचा मजला. दुसरी पांझरा नदीच्या अलीकडे, जुन्या शहरात नंबराच्या गल्लीत, लाकडी जिन्याची. बंगला तुला आवडला आणि गल्लीतल्या खोलीबद्दल कुणीतरी सांगितलं की "तिकडं नका राहू मॅडम, पुढची वस्ती बरोबर नाही." तू ते ऐकलंस आणि मन बनवलंस. माझं म्हणणं एवढंच, की मन बनवण्याआधी माझं ऐक.

ताई, "गुन्हे जास्त होतात" असं लोक म्हणतात तेव्हा मी आधी विचारतो, कोणते? घरफोडी वेगळी, पाकीटमारी वेगळी, मंगलपोत लांबवणं वेगळं, दारू पिऊन केलेली हाणामारी वेगळी. प्रत्येकीची जागा वेगळी आणि वेळही वेगळी. नोकरीतला जवळजवळ प्रत्येक उन्हाळा मी घरफोड्यांच्या पंचनाम्यात घालवला. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, माणसं गच्चीवर अंथरूण टाकतात. वर सगळं घर गाढ झोपलेलं आणि खाली मागच्या दाराची कडी कटावणीने उचकटलेली. सकाळी खाली उतरून बघावं तर गोदरेजचं कपाट उघडं आणि कपडे पलंगावर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-सुना माहेरी जातात, दिवाळीला अख्खं घर गावी जातं. दाराला कुलूप, अंगणात तीन दिवसांचं वर्तमानपत्र पडलेलं. चोराला आणखी काय सांगायला हवं? हे सगळं कुठं व्हायचं? बहुतेक वेळा नव्या, चांगल्या म्हणवणाऱ्या कॉलन्यांत. दोन बंगल्यांमध्ये तीन मोकळे प्लॉट, त्यात माणूसभर उंचीची वेडी बाभळ, रस्ता रुंद आणि सरळ, आणि दोन मिनिटांत हायवे. धुळ्याला तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही हायवे येऊन मिळतात. सकाळी फिरायला निघालेल्या बाईची पोत तोडणारा मोटारसायकलवाला असाच रस्ता शोधतो. जुन्या गल्लीत तो सहसा शिरत नाही, कारण बाहेर पडताना समोरून भाजीची गाडी आली तर तो तिथंच अडकला.

जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागलेली असते. ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं. तुझी आजी म्हणायची ते आठवतं का? "ज्या ओटावर म्हतारी बशेल शे, तठे चोर येत नही." आम्हाला ट्रेनिंगमध्ये वर्षभरात जे शिकवलं, त्यातलं अर्धं या एका ओळीत आहे. धुळ्याची ती पेठ १८१९ च्या सुमाराला ब्रिग्ज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशचं मुख्य ठाणं करायचं म्हणून वसवली. रस्ते सरळ आखले, व्यापाऱ्यांना बोलावून घरांसाठी जागा दिल्या. दोनशे वर्षांनीही त्या सरळ गल्लीत एका टोकाला उभं राहिलं की लांबवरचा माणूस दिसतो. हा मोठा फायदा आहे.

पण गल्लीत त्रास नाही असंही समजू नकोस. बाजाराच्या गर्दीत पाकीट जातं, मोबाइल जातो, धक्का मारून जाणारे हलकट असतात. रात्री एखाद्या कोपऱ्यावर दारूवरून भांडण पेटतं आणि दगड कुणाच्या खिडकीवर पडेल सांगता येत नाही. म्हणजे कॉलनीत तुझ्या कपाटाला धोका जास्त, गल्लीत तुझ्या पर्सला. तुझ्या अंगाला धोका कुठं जास्त, ते एरियाच्या नावावरून कळत नाही.

कशावरून कळतं? निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी एका प्रशिक्षणात एका अधिकाऱ्याने आम्हाला अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराची गोष्ट सांगितली होती. तिथल्या पोलिसांना वर्षभरात आलेले फोन अभ्यासकांनी पत्त्यानुसार लावून बघितले आणि तो अभ्यास १९८९ साली छापला. सगळ्या शहरातल्या जवळजवळ तीन टक्के पत्त्यांवरून निम्मे फोन आले होते. निम्मे! म्हणजे बदनाम एरियातसुद्धा बहुतेक घरं, बहुतेक कोपरे शांत होते. एक दारूचा गुत्ता, एक बसस्टॉप, एक अंधारी गल्ली, एवढ्यांनी सगळ्यांचं नाव घालवलं होतं. आम्ही सगळे बीटवाले, म्हणजे ठरलेल्या भागात गस्त घालणारे, ते ऐकून एकमेकांकडे बघत राहिलो. कारण आमच्या बीटमध्येही तेच होतं, आकडे लावून कुणी बघितले नव्हते एवढंच. मी ज्या वस्तीत सात वर्षं गस्त घातली, तिथली दोन-अडीचशे घरं. माझं जाणं-येणं मात्र तीन ठिकाणी. एक हातभट्टीचं झोपडं, एक जुगाराचा अड्डा आणि एक बंद पडलेलं गोदाम. बाकी घरांत बायका पहाटे पाण्याला उठायच्या, पोरं शाळेत जायची, तुझ्यासारखीच.

आता आकड्यांचं. वर्तमानपत्रात येतं, अमुक ठाण्याच्या हद्दीत सर्वात जास्त गुन्हे. ते वाचताना लक्षात ठेव, की ते दाखल झालेले गुन्हे असतात, घडलेले नव्हे. मी नोकरीला लागलो तेव्हा एका ठाण्यात मी स्वतः पाहिलंय, रोजंदारीवाला माणूस चोरी सांगायला आला की त्याला "वस्तू गहाळ" असं लिहून द्यायचे. गहाळ लिहिलं की गुन्हा नाही, तपास नाही, महिनाअखेरचा तक्ता स्वच्छ. आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी परत येत नसे, कारण आला तर त्याची हजेरी बुडते. पुढे मला एक फौजदार साहेब लाभले, ते आलेली प्रत्येक फिर्याद घ्यायचे. सहा महिन्यांत आमचं ठाणं कागदावर जिल्ह्यातलं वाईट ठाणं झालं. वस्ती तीच, माणसं तीच. दरवर्षी देशभरातल्या गुन्ह्यांचा अहवाल काढणारा दिल्लीचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागही सांगतो, की नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हेच वाढले असं धरू नका. लोक मात्र धरतात, आणि वस्तीचं नाव एकदा पडलं की पडलं.

ती माझी चूक इथंच सांगतो. तुझा जन्म व्हायचा होता. एका तालुक्याच्या गावी घरफोडी झाली, चौदा तोळे सोनं गेलं. वरून हुकूम आला आणि आम्ही, नेहमीप्रमाणे, गावाबाहेरच्या पारध्यांच्या पालांवर गेलो. पुरावा काही नव्हता. "तिकडचेच असणार" एवढंच. १८७१ मध्ये इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही आला. देशभरातून तो १९५२ साली ३१ ऑगस्टला रद्द झाला. आमच्या डोक्यातून तो गेला नव्हता. तीन पोरं आणली. त्यातल्या एकाची आई ठाण्यासमोरच्या लिंबाखाली दोन दिवस फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन बसून होती. ती ओरडली नाही, रडली नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक शिपायाच्या तोंडाकडे बघायची. माझ्याही. मी तिला एक तांब्या पाणी नेऊन दिलं, त्यापलीकडे काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी सोनं सापडलं. फिर्यादीच्या सख्ख्या भाच्याने गहाण ठेवलं होतं. घराची दुसरी किल्ली कुठं टांगलेली असते, ते त्याला माहीत होतं. पोरांना सोडलं. त्यांची माफी कुणी मागितली नाही, मीही नाही. पोराला घेऊन ती बाई गेली तेव्हा तिने भाकरीचं फडकं तिथंच, पारावर सोडलं होतं.

म्हणून कुणी "तिकडची वस्ती बरोबर नाही" म्हणालं की मी विचारतो, बरोबर नाही म्हणजे काय? तिथं दिवे नाहीत? तिथं भट्टी आहे? की तिथं राहणाऱ्यांची जात, धर्म तुम्हाला आवडत नाही? तूही विचारत जा. दहातल्या सात वेळा खरं कारण त्या तिसऱ्या प्रश्नातलंच निघतं.

हेही खरं, की काही वस्त्यांत मारामाऱ्या, चाकूचे प्रकार खरोखर जास्त होतात. मिल बंद पडली, कामं गेली, दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, नगरपालिकेचा दिवा महिनोन् महिने बंद, त्यात दारू. पण त्यात मार कुणाला बसतो? तिथल्याच माणसाला. माझ्या हातून जेवढे जखमी सिव्हिलला गेले, त्यातले बहुतेक त्याच वस्तीतले होते.

आणखी एक गोष्ट, बाप म्हणून लिहायला जड जातंय. आपण रस्त्याला भितो, पण बाईला धोका बहुतेक वेळा ओळखीच्या माणसाकडून असतो. त्याच राष्ट्रीय अहवालात, बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच असतो. २०२२ च्या अहवालात महिलांवरच्या गुन्ह्यांत सर्वात मोठा वाटा, ३१ टक्क्यांच्या आसपास, नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा आहे. तो छळ कॉलनीतही होतो, गल्लीतही होतो. कॉलनीत फक्त भिंती जाड असतात. घरमालक, त्याचा मुलगा, जिन्यावरून उगाच वर येणारा भाचा, तू काम करतेस त्या लॅबमध्ये "मी सोडतो" म्हणणारा सहकारी, यांच्याकडे तू नीट बघ. खोलीला आतून कडी आहे का, वरच्या मजल्याचा जिना घरमालकाच्या घरातून जातो की बाहेरून, गच्चीचं दार तुझ्या बाजूने बंद होतं का, हे मला एरियाच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

तुझी ड्युटी रात्री नऊला सुटते. खोली दुपारी बारा वाजता बघून उपयोग नाही. साडेनऊला रिक्षा जिथं सोडेल तिथपासून दारापर्यंत चाल. किती खांबांवर दिवा पेटतो ते मोज. किराणा दुकान किती वाजता बंद होतं ते दुकानदाराला विचार. दहापर्यंत उघडं असेल तर तो तुझा पहिला पहारेकरी. त्या रस्त्याने आणखी बायका चालतात का बघ. एजंटाला काही विचारू नकोस, त्याला कमिशन हवंय. तिथं भाड्याने राहणाऱ्या नर्स, शिक्षिका, कॉलेजच्या पोरी असतील, त्यांना विचार. दूधवाल्याला विचार, त्याला पहाटेचं सगळं माहीत असतं. आणि खोली घेतलीस की शेजारच्या म्हातारीला पहिल्याच दिवशी जाऊन भेट. तिला मावशी म्हण. घरमालकाने भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची म्हणून कागद मागितले तर लगेच दे, त्यात वावगं काही नाही.

काही झालंच तर ११२ लाव. बोलता आलं नाही तरी लाव. मोबाइलवर कुणी पैसे काढून घेतले तर १९३०, आणि तेही तासाभरात, दुसऱ्या दिवशी नव्हे. फिर्याद द्यायला गेलीस आणि कुणी "ही आमची हद्द नाही" म्हणालं, तर शांतपणे सांग की जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्याने दखलपात्र गुन्हा शून्य नंबरने, म्हणजे झिरो एफआयआर म्हणून, दाखल करून घ्यायचा आहे. "गहाळ" लिहून देऊ लागले तर सही करू नकोस. मी एवढी वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसून हे सांगतोय.

परवा शनिवारी संध्याकाळच्या गाडीने मी येतो. आई कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून देणार आहे. नऊला तुझ्या लॅबच्या दाराशी उभा राहीन. तिथून आधी गल्लीतल्या खोलीपर्यंत आणि मग बंगल्यापर्यंत आपण दोघं जाऊ, तू रोज जशी जाशील तसंच. मी तुझ्या दहा पावलं मागे राहीन, काही बोलणार नाही. खोली तुला ठरवायची आहे.

येताना मोठी बॅटरी आणतो, पण ती मी पेटवणार नाही.

तुझे,
आप्पा