पायातला बायपास कशाचा, हे कागदावर येऊ द्या

मा. सचिव,
आरोग्य व मानवी सेवा विभाग, अमेरिका

स. न. वि. वि.

मी मेडिकल कोडर आहे; डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजारांना ठरलेले कोड लावते. रुग्ण मला दिसत नाही, त्याची फाइल दिसते. परवाच्या फाइलमध्ये एवढंच होतं: डाव्या पायात जुना बायपास (तुंबलेल्या रक्तवाहिनीला वळसा घालून रक्ताला दिलेली वाट), ग्राफ्टमध्ये (त्यासाठी जोडलेल्या शिरेत किंवा नळीत) अथेरोस्क्लेरोसिस (आत चरबीचे थर साचणं), पडल्या जागीही पाय दुखतो. ग्राफ्ट कशाचा, याचा पत्ता नाही.

आयसीडी-१०-सीएम या आजारांच्या कोडयादीचं सगळं घोडं इथेच अडतं. रुग्णाची स्वतःची शीर असेल तर आय७०.४, दुसऱ्या माणसाची किंवा प्राण्याची असेल तर आय७०.५, पीटीएफई किंवा डेक्रॉनची कृत्रिम नळी असेल तर आय७०.६. काहीच लिहिलेलं नसेल तर आय७०.३, म्हणजे ‘प्रकार नमूद नाही’. अंदाजाने कोड लावायला आम्हाला मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. मांडीच्या आतल्या बाजूचा लांब व्रण पाहून डॉक्टरांना शीर काढल्याचा अंदाज येईलही. मला तो व्रण कुठून दिसणार?

तुमच्या खात्याने प्रमाणित केलेल्या संगणकीय नोंदप्रणालीत शरीरात बसवलेल्या उपकरणांची यादी असते. कृत्रिम नळी तिच्या ओळख क्रमांकासह त्यात येऊ शकते. स्वतःची शीर हे उपकरण नव्हे, त्यामुळे ती येत नाही. मग यादी कोरी दिसली की काय समजायचं? शीर वापरली, की नळीची नोंद करायची राहून गेली?

बायपासची तारीखही तितकीच हवी. शिरेचा ग्राफ्ट पहिल्या महिन्यात बंद पडला तर बहुधा शस्त्रक्रियेतलंच काही चुकलेलं असतं. पुढे साधारण दोन वर्षांपर्यंत आतलं अस्तर जाड होतं. अथेरोस्क्लेरोसिस सहसा त्यानंतरचा. ‘ग्राफ्ट अरुंद झाला’ एवढ्यावरून तो कोड लावता येत नाही.

म्हणून मागणी एकच: ग्राफ्टचा प्रकार आणि तारीख यांचा सक्तीचा रकाना, जो रुग्णाबरोबर पुढच्या रुग्णालयात जाईल. ‘आणखी एक रकाना!’ म्हणून डॉक्टर वैतागतील, ठाऊक आहे. पण सर्जन हे शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहितातच. ते टिपण जुन्या रुग्णालयातच राहतं, एवढंच.

त्या फाइलबद्दल मी डॉक्टरांना क्वेरी, म्हणजे विचारणा, पाठवली होती. उत्तर आलं, ‘रुग्णाला आठवत नाही.’ मी आय७०.३२२ लावला: प्रकार नमूद नाही, डावा पाय, पडल्या जागीही दुखणं.

आपली,
एक मेडिकल कोडर