वर्गणी यंदा जरा लवकर

पर्वती पायथा आणि दत्तवाडीतले सर्व रहिवासी, दुकानदार, आणि इथून सिंहगड रोड-कोथरूडकडे राहायला गेलेली जुनी मंडळी, सप्रेम नमस्कार.

गणपतीला अजून अवकाश आहे, तरी आम्ही पावतीपुस्तक घेऊन दारात उभे आहोत. ही वर्गणी मांडवाची नाही. वस्तीतल्या ज्या मुलामुलींचा यंदा कॉलेजला नंबर लागतोय, त्यांच्यासाठी आहे. पुस्तक वेगळं, बँकेतलं खातंही वेगळं. मांडवाच्या हिशेबात यातला रुपया मिसळणार नाही.

"सरकार देतंय की शिष्यवृत्ती, मग तुमचं काय मध्येच?" पहिल्याच संध्याकाळी एका काकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंत मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरची शिष्यवृत्ती मिळते. योजनांची वानवा नाही. अडतं ते तारखांवर. जागा पक्की करायला हातात दोन-चार दिवस असतात, आणि शिष्यवृत्तीचा हप्ता येतो तोवर कधी कधी सेमिस्टर संपलेलं असतं. शिवाय हॉस्टेलचं डिपॉझिट, मेस, बसचा पास, ड्रॉइंगचं सामान हे फीमाफीत धरलेलं नसतं.

गेल्या वर्षीचंच सांगतो. आपल्याच चाळीतली मुलगी, इंजिनिअरिंगला नंबर लागला. आई दोन घरी पोळ्या करते, वडील प्लंबर. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर अर्ज भरला, तो परत आला. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. ते दुरुस्त करून पुन्हा भरला. मंजूर झाला. पैसे जमा झाल्याचं पोर्टलवर दिसायला लागलं आणि पासबुकात मात्र काही नाही. रोज संध्याकाळी ती मशिनवर पासबुक भरून आणायची आणि रोज तीच शेवटची ओळ. तिसऱ्या महिन्यात आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्यांनी विचारलं, "बाळ, आणखी कुठं खातं आहे का तुझं?" होतं. शाळेत असताना गावाकडे आजीनं उघडून दिलेलं. आधार तिथे नंतर जोडलं गेलं होतं, आणि असे पैसे आधार शेवटी ज्या खात्याला जोडलेलं असेल तिथेच जातात. सगळी रक्कम तिथे आरामात पडून होती! तोवर इकडे आईनं भिशीचा पहिला नंबर हातापाया पडून मागून घेतला होता.

म्हणून आम्हाला फिरता निधी उभा करायचा आहे. एका विद्यार्थ्याला जास्तीत जास्त १५,००० रुपये, बिनव्याजी, चेक थेट कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या नावाने. शिष्यवृत्ती जमा झाली की त्याने परत करायचे, म्हणजे पुढच्याला देता येतील. आणि अर्ज नामंजूरच झाला तर? यावर बैठकीत दोन तास भांडलो. शेवटी ठरलं ते असं, की नोकरी लागल्यावर जमेल तसे द्यावेत, तोवर कुणी दार वाजवणार नाही.

चेक देतानाचा फोटो काढणार नाही. फ्लेक्स लावणार नाही. पुण्यात पूर्वी मुलं वार लावून जेवत आणि शिकत, त्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. पण ते पान जात बघून मांडलं जायचं, आणि ज्याला मिळायचं त्यालाही आठवड्याचे सात दिवस सात घरी ओशाळं व्हावं लागायचं. आपल्या पोरांना जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकासमोर ओशाळं व्हायला लागू नये, एवढं आपण बघू.

पैशांइतकीच माणसं हवी आहेत. बँकेतून, तहसील कचेरीतून, कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेले कुणी असाल, तर शनिवारची संध्याकाळ द्या. दाखला स्कॅन करून ठरलेल्या केबीत बसवणं तरुण कार्यकर्ते करतील. पण रिक्षावाल्याकडे किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईंकडे नोकरदारांसारखा पगाराचा फॉर्म १६ नसतो, त्यांनी उत्पन्नाचा दाखला काढायला सोबत काय न्यायचं, हे जाणकारानेच सांगावं. जुनी पुस्तकंही द्या. अप्पा बळवंत चौकात रद्दीच्या भावात घालवण्यापेक्षा बरं.

पालकांनो, निकालाची वाट बघत बसू नका. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला लागत असेल तर तो, हे आत्ताच काढायला टाका. मार्कशीट आणि आधार शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. आणि आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते बँकेत जाऊन विचारा, "जोडलेलं असेल" म्हणू नका.

मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, पण ८०जी नाही. तेव्हा करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याऐवजी मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीचा खर्च आम्ही यंदा काढून या खात्यात टाकला आहे. काही कार्यकर्ते अजून रुसलेले आहेत.

शंभर रुपये असोत की दहा हजार, मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत आणून द्या. जमाखर्च दर महिन्याला बाहेरच्या फळ्यावर लागेल, नावं न लिहिता. पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नका, अगदी आमच्यातला असला तरी.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते