ट्रामचं तोंड फिरवतात कसं?

अमळनेर,
रविवार

प्रिय बापू,
रामराम.

टोरांटोहून फोन केला तेव्हा तू विचारलंस, "त्या ट्रामचं तोंड फिरवता कसं रे?" नातवाची घाई चालली होती, उत्तर अर्धंच राहिलं. भुसावळच्या लोको शेडात हयात गेलेल्या माणसाला अर्ध्या उत्तरावर ठेवणं बरं नाही, म्हणून कागद घेतला.

पोरीच्या घराजवळ ट्रामचं शेवटचं ठिकाण, लाँग ब्रांच लूप. शहर तिथं संपतं, शेजारच्या मिसिसागाच्या बसाही तिथंच येऊन लागतात. तिथल्या ट्रामला केबिन एकाच टोकाला, आणि वाहतूक उजव्या बाजूने म्हणून दारंही उजव्याच अंगाला. तुमच्या मेमूसारखं ड्रायव्हरने उतरून मागच्या केबिनीत जायचं, ते नाहीच. मग रुळच गोल टाकलेले. घाण्याच्या बैलासारखी फिरते नि आल्या वाटेने परत.

आता नीट ऐक. गाडी 30 मीटर लांब, पाच तुकडे सांध्यांनी जोडलेले. आणि तिथल्या ट्रामच्या वळणाची त्रिज्या कुठं कुठं फक्त 11 मीटर! रुळांमधलं अंतर 1,495 मिलिमीटर, आपल्या ब्रॉडगेजचं 1,676. वळताना चाकं अशी किंचाळतात की तू लगेच तेलाची बुधली शोधली असतीस. मी रोज संध्याकाळी ते बघायला जायचो. पोरगी म्हणे, "बाबा, नायगारा सोडून हे काय बघता?"

तरुणपणी दादर टीटीला उतरलो तेव्हा तू म्हणाला होतास, "एवढे टीटी इथं करतात काय?" ट्राम टर्मिनस रे बाबा! मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली, नाव तेवढं चिकटून राहिलं.

त्या लूपवर एकच खटकायचं. कंडक्टर नाही, त्यामुळे आवाजही नाही. आपल्या स्टँडवर चोपड्याची गाडी फलाटावरून मागे घेताना शिट्टी, पत्र्यावर थापा, "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" नातवाला हे सगळं करून दाखवलं. पोटभर हसला आणि विचारतो, "आबा, मग तुम्ही लूप का नाही करत?"

याचं उत्तर तू काढून ठेव. बुधवारी पॅसेंजरने येतो. बामणोदची वांगी आणून ठेव, भाजायला कपाशीच्या काड्याही बघ. वहिनींना म्हणावं, कळण्याच्या भाकरी दोन जास्त टाका. तीन महिने नुसता ब्रेड खाल्लाय.

तुझाच,
आबा