ठेकेदार नव्हे, उपअभियंता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या अंकात पान पाचवर, डाव्या कोपऱ्यात, गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीखाली आमच्या तात्यांची निधनवार्ता छापलीत, त्याबद्दल आभार. साडेतीन ओळी आहेत. नाव बरोबर, वय 77 तेही बरोबर. ‘पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे’ हे कुणालाही लागू पडतं म्हणून छापलं असावं. तात्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. असो. पण ‘निवृत्त शासकीय ठेकेदार’ हे कुठून आणलंत? ठेकेदार निवृत्त होतो, हे मला तरी आपल्याच पेपरातून कळलं.

मी स्वतः माझ्या हातानं ‘निवृत्त उपअभियंता, पाटबंधारे’ असं लिहून कागद दिला होता. अक्षर वाईट नाही माझं, 30 वर्षं फळ्यावर लिहिलंय. सकाळी आपल्या कार्यालयात फोन केला तर पलीकडचे चिरंजीव म्हणाले, ‘काका, उपअभियंता काय न् ठेकेदार काय, लाइन एकच की. शुद्धिपत्र पाहिजे तर जाहिरात विभागात या.’

लाइन एकच! त्या लाइनीच्या अलीकडं उभं राहून माणसानं 36 वर्षं नोकरी केली, साहेब.

1972 चं सांगतो. तात्या नुकतेच ओव्हरसियर, म्हणजे कामावर देखरेख आणि मोजणी करणारे, झाले होते. गावात ‘ओव्हरशेर’ म्हणायचे. दुष्काळी कामं निघाली होती, पाझर तलाव, रस्ते, खडी. आमचं गाव सीनेच्या काठावर, पण नदीत अंगठा भिजेल एवढं पाणी नव्हतं. रेशनला मिलो नावाची लाल ज्वारी, कामावर सुकडीचा कोरडा खाऊ. थोरली आजी, म्हणजे तात्यांची सख्खी आई, खडी फोडायला जायची. पोरगा सरकारात लागला म्हणून काय झालं, घरात खाणारी तोंडं नऊ आणि सहा एकर कोरडवाहूत कुसळ उगवलं नव्हतं. नेमकी त्याच कामावर मोजणी तात्यांकडे आली. आजीचा ढीग वरून नीट, आतून पोकळ. खाली मोठे धोंडे आडवे टाकायचे न् वर खडी पसरायची, सगळ्याच बाया करायच्या. तात्यांनी ढिगावर पाय देऊन दाबला. ढीग बसला. परत टेप लावली, जेवढा भरला तेवढा मोजमाप पुस्तकात लिहिला आणि पुढच्या ढिगाकडे गेले. आजीची त्या आठवड्याची मजुरी तुटली. रात्री तिनं भाकरी वाढली, पण बोलली नाही. तात्यांनी आपल्या पगारातले पैसे पुढं केले, तर म्हणाली, ‘तुझ्या टेपनं मोजून दे.’

हा किस्सा आजी मरेपर्यंत सांगायची. ‘माझ्या पोरानं मला बी सोडलं न्हाई’ हे ती नव्या सुनांना सांगायची तेव्हा ती तक्रार असायची का तोरा, ते आम्हाला कधी कळलं नाही. अशा माणसाला तुम्ही ठेकेदार केलंत. ज्या खऱ्या ठेकेदारांची बिलं त्यांनी अडवली, ते वाचून पोट धरून हसले असतील. एक तर परवा भेटायला आला आणि म्हणाला, ‘शेवटी आमच्यातच आले की रावसाहेब.’

उजनी धरण 1980 ला पूर्ण झालं तरी कालव्यांची कामं पुढं कैक वर्षं चालली. तात्या त्यातच होते. पाण्याची पाळी सुटली की आधी टेलला, म्हणजे शेवटच्या शेताला पाणी, मग वर वर येत हेडला, म्हणजे तोंडाशी, हा त्यांचा हट्ट. आता त्यांच्या सासुरवाडीचं शेत नेमकं चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, हेडला. ऊस वाळतोय आणि जावई मोटारसायकलवरून टेलकडे चाललाय, हे सासऱ्यांनी बांधावर उभं राहून पाहिलं. दोन दिवाळ्या तात्यांना बोलावणं आलं नाही. काकू अजून सांगतात, तेही न हसता.

मी स्वतः त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये चार वर्षं राहून शिकलो. मी एकटा नाही. गावाकडची कुणाची ना कुणाची दोन-तीन पोरं कायम तिथं असायची. अंथरुणं दाराला लागायची. काकू पहाटे उठून किती भाकऱ्या थापायच्या, हे मोजायची अक्कल आम्हाला तेव्हा नव्हती. फी भरायच्या दिवशी तात्या आमच्या हातात पैसे देत नसत. स्वतः येऊन भरत आणि पावती मागून घेत. राग यायचा.

2006 ला निवृत्त झाले आणि गावच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागं लागले. पाऊस सरला की ऑक्टोबरात दारं टाकायची आणि पावसाळ्याच्या आत काढायची, काम एवढंच. पण दारं लोखंडी आणि भंगारवाले जागे. तात्यांनी प्रत्येक दारावर पांढऱ्या रंगानं नंबर घातले आणि एका शंभरपानी वहीत नोंद ठेवली: कुठलं वाकलंय, कुठल्याचं रबर गेलंय, कुठलं चोरीला गेलं. ‘17 नंबर, तुळजापूर रोडच्या भंगारात सापडले, ओळखले, परत आणले.’ ही वही माझ्याकडे आहे. आपल्या चिरंजीवांना बघायची असेल तर दाखवीन, रेटकार्ड न मागता. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला तो पूर आला तेव्हा तात्यांना उठवत नव्हतं. पडल्या पडल्या गावाकडं फोन लावून एकच विचारत होते, ‘पाणी मारुतीच्या कितव्या पायरीला आलं?’ पुढं तिथून उत्तर येईना, तेव्हा समजून गेले.

बरं, तात्या आपले अनोळखी नव्हते. गेल्या 15 वर्षांत त्यांनी आपल्याला निदान 20 पत्रं पाठवली असतील. विषय एकच, उजनीची टक्केवारी. धरणात एकूण 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातलं 63.66 मृत साठ्याचं आणि 53.57 उपयुक्त. आपण छापता ती टक्केवारी फक्त या 53.57 ची, मृत साठ्याला हात लागला की ती उणे होते. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे साठच्या घरात गेली आणि ‘उजनी कोरडी’ म्हणून आपण ओरड केलीत. तात्यांनी पत्रात गणित मांडून दाखवलं होतं की तेव्हाही 31 टीएमसीच्या आसपास पाणी आत होतं. प्रश्न ते उचलायचं कसं आणि कुणासाठी, हा होता. ते पत्र छापलं नाहीत. त्या आठवड्यात एका युवा नेत्याच्या वाढदिवसाचं पूर्ण पान होतं. शुभेच्छुकांचे फोटो मी मोजले, 64. आणि दर 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांचा फोटो छापून त्याखाली बिल्डरांच्या जाहिराती लावता, तेव्हा तात्या ते पान घडी घालून कपाटात हंतरायला घ्यायचे. कागद जाड असतो म्हणे.

आता लिहितोच आहे तर आणखी एक. रक्षाविसर्जनाची वेळ आम्ही ‘सकाळी 8’ दिली होती, आपण ‘सायंकाळी 8’ छापलीत. काल सकाळी आम्ही घरचे आणि गल्लीतले मिळून पंचवीसेक माणसं होतो, उरकलं आणि आलो. रात्री साडेनऊला स्मशानातल्या माणसाचा मला फोन. कुणी दोघं म्हातारे मंगळवेढ्याकडून एसटीनं आलेत, एकजण काठी घेऊन आहे, कट्ट्यावर बसलेत, हलत नाहीत. जाऊन बघतो तर तात्यांच्या हाताखालचे जुने पाटकरी, पाटाचं पाणी सोडणारे. खिशात आपल्या पेपरचं कात्रण. मला बघून उठले आणि एकजण म्हणाला, ‘रावसाहेब कधी उशिरा येत नव्हते, म्हणून म्हटलं थांबावं.’ मी काय बोलणार? घरी आणलं, जेवू घातलं, सकाळच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटल्यावर त्याच तावात हे लिहायला बसलोय, तेव्हा कुठं शब्द कमीजास्त झाला असेल तर सांभाळून घ्यावं.

शुद्धिपत्राचे पैसे मी भरणार नाही. पान पाचवर, त्याच कोपऱ्यात, फुकट छापावं. आणि तेराव्याच्या आत छापावं, कारण गावात आपला पेपर एकच येतो आणि तो चावडीत मोठ्यानं वाचतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार, जुळे सोलापूर

ता.क. : त्याच अंकात पहिल्या पानावर ‘उजनीत 117 टीएमसी उपयुक्त साठा’ असं आहे. 53.57. वर लिहिलंच आहे.