वसुबारसेच्या पहाटेसाठी पेटी हवी, चिमटे हवेत, वर्गणीही हवी

रसिक सोलापूरकरांना सप्रेम नमस्कार.

वसुबारसेला पहाटे ५.३० वाजता केगावला, विद्यापीठाच्या आवारातल्या हिरवळीवर, विद्यार्थी वाद्यवृंदाची दिवाळी पहाट आहे. वादक २८: व्हायोलिन १०, चेलो २, बासरी ४, क्लॅरिनेट ३, पेटी २, तबला ३, पखवाज १, हलगी २, संबळ १. पाडव्याची पहाट जास्त रंगली असती, पण तोवर निम्मी मुलं गावी पोचलेली असतात. म्हणून वसुबारस.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. त्यामुळे पहिला अर्धा तास, म्हणजे भटियार आणि अहिर भैरव हे राग, माइकशिवाय होईल. हलगी-संबळ सहानंतरच. माइक नसला की सुरातला बारीक फरकही उघडा पडतो, आणि उघड्यावरची पहाट सुरांना सोयीची नसते. गारव्यात तार आखडून चढते, बासरी मात्र उतरते. हवा दहा अंशांनी गार झाली तर बासरी अर्धस्वराच्या जवळजवळ पाव ते एक तृतीयांश खाली जाऊ शकते. फुंकेच्या उबेने ती थोडी सावरते, एवढंच. व्हायोलिन पिळून जुळवता येतं, बासरी फुंकीने काही प्रमाणात सांभाळता येते. पेटी ऐन वेळी जुळवता येत नाही, सूर बदलायचा तर आतल्या धातूच्या पट्ट्या (रीड) खरवडाव्या लागतात. म्हणून सगळ्यांनी पेटीच्या सुराकडे यायचं असतं.

आमच्याकडच्या दोन पेट्यांपैकी एकच ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला बोलते. दुसरी हवी आहे, उसनी चालेल. घरातली जुनी पेटी द्यायची मनापासून इच्छा असली, तरी आधी मोबाइलवरच्या ट्यूनरवर काळी पाच आणि पांढरी सहा हे सूर दाबून पाहा. काटा दहा सेंटपेक्षा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) जास्त हलला, तर पेटी कितीही गोड असो, आम्हाला उपयोगी नाही. भात्यातून हवा फुसफुसत असेल तर मात्र द्या, ते दुरुस्त होतं.

षड्ज पांढरी दोन ठेवला आहे, कारण व्हायोलिनच्या उघड्या तारांत सा आणि प दोन्ही मिळतात. त्यामुळे पांढरी दोनला सहज बोलणारे दोन जादा तबले हवेत. काळी एकचा तबला ठोकून वर चढवायला गेलं की पुडी फाटायची भीती असते, शिवाय दव पडलं की कातडं पुन्हा सैल होतं. डग्गे पुरेसे आहेत.

वर्गणीचा पहिला हिस्सा तारांवर जाईल. चेलोच्या तारा सगळ्यात महाग, आणि व्हायोलिनची पहिली तार सगळ्यात आधी तुटते. नव्या तारा काही दिवस ताणत राहतात आणि सूर सोडतात, त्यामुळे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मिळालेल्या तारा निरुपयोगी. पैसे किमान तीन आठवडे आधी आले तर त्या वेळेत बदलून होतील. त्यानंतरचे पैसे गजाचे केस, राळ आणि पेटीच्या दुरुस्तीला लागतील. धनादेश द्या, पावती घ्या. आमचा कोणीही विद्यार्थी वर्गणी मागायला दारावर येणार नाही. आला तर तो आमचा नाही.

पैशाशिवाय उपयोगी पडेल असं बरंच काही आहे. हात नसलेल्या ३० खुर्च्या हव्यात. मंडपाच्या हाताच्या खुर्चीत गज ओढताना कोपर आपटतं आणि चेलो मांडीत नीट बसत नाही. सूर्योदय साडेसहाच्या आसपास, म्हणून स्वरलिपीच्या स्टँडवर लावायचे बॅटरीचे १८ छोटे दिवे. कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून कपड्यांचे ४० चिमटे, लाकडी असतील तर उत्तम, प्लास्टिकचे पटकन मोडतात. चेलोच्या बुडाची टेकायची खिळी मंचाच्या फळ्यांवर सरकते, तिच्याखाली घालायला आणि दवापासून वाद्यं झाकायला जाड चादरी २० तरी लागतील. सोलापुरात चादर मागायला लागावं, हे आम्हालाही जरा गमतीचंच वाटतं. जनरेटर मिळाला तरी तो दीडशे फूट लांब ठेवणार. जवळ असला तर पहिला अर्धा तास त्याचाच कार्यक्रम होईल.

बार्शी, सांगोला, अक्कलकोटकडच्या ११ मुलांची मेस सुट्टी लागताच बंद होते. आदल्या दोन रात्री मुक्कामाला ठेवणारी घरं हवीत, आणि पहाटे ३.४५ ला केगावला सोडणारी चारचाकी वाहनं. एका गाडीत चेलो असेल तर त्यात दोनच माणसं मावतात, तेवढं गृहीत धरा. सरावाच्या संध्याकाळी कडक भाकरी आणि शेंगा चटणी दिलीत तरी चालेल. चकली-चिवडा मात्र कार्यक्रम संपल्यावरच वाटायचा. तेलकट बोटं तारांवर आणि पुडीवर फिरली की सगळंच पुसत बसावं लागतं.

आवाराजवळ राहणाऱ्यांना विनंती, त्या दिवशी ६ पर्यंत फटाके लावू नका. श्रोत्यांनी ५.१५ च्या आत बसून घ्यावं, आसन घरून आणावं, प्रवेश खुला आहे. उशिरा येणाऱ्यांना पहिला राग संपेपर्यंत फाटकाजवळ थांबावं लागेल.

वस्तू आणि धनादेश विद्यापीठातल्या सराव कक्षात सायंकाळी ५ ते ७ या वेळेत स्वीकारले जातील. उसन्या वस्तूंवर नाव आणि परिसर लिहून द्या, भाऊबीज झाली की त्या आम्ही घरपोच परत करू.

संयोजन समिती,
विद्यार्थी वाद्यवृंद, सोलापूर