गाडीखाली झोपते म्हणून

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर गाडीखालून नुसते माझे पाय दिसले आणि आईने माझा फोन ठेवून लगेच दादाला लावला. तू रात्रभर जागी होतीस हे त्यानेच सांगितलं. म्हणून लिहितेय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

गाडी मी विकणार नाही आणि तिचं काम यापुढे मीच करणार. हे ठरलंय. बाबा, तुम्ही म्हणता तशी एवढ्या पैशात साधी, चांगली गाडी येते, कबूल. पण ही माझी माझदा गाडी १९९३ सालची आहे. बॉनेट उघडलं की काय कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं आणि पाना जातो. इथे इंग्लंडात, कोव्हेंट्रीत, गॅरेजवाले तासावर पैसे घेतात. साठ हजार मैलांना इंजिनातला टायमिंग बेल्ट बदलायचा, तर बेल्ट स्वस्त आणि मजुरी त्याच्या कितीतरी पट. शिवाय हे १.६ लिटरचं इंजिन गरीब आहे. बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, गाडी नुसती बंद पडते. शिकायला आणखी काय हवं?

सगळंच करते असं नाही. छप्पर कापडी, त्यावरचं पाणी सीटच्या मागच्या दोन निचऱ्यांतून खाली जातं. तिथे पानं अडकली की पाणी दाराखालच्या पट्ट्यात शिरतं आणि पत्रा आतून कुजतो. दरवर्षीच्या एमओटी तपासणीत या गाड्या बहुधा त्यावरच नापास होतात. निचरे मी साफ करते, वेल्डिंगला मात्र हात लावत नाही. ते वेल्डरकडेच.

मागचे ब्रेक पॅड गेल्या आठवड्यात बदलले. (आई, पुढचा भाग सोडून दे.) या गाडीत मागच्या ब्रेकचा पिस्टन दाबून आत जात नाही, बाबा. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या मागचा एक बोल्ट काढायचा, आत चार मिलिमीटरची ॲलन की घालायची आणि फिरवून पिस्टन मागे घ्यायचा. नवे पॅड बसवले की डिस्क अडेपर्यंत आवळायचं आणि मग साधारण एक तृतीयांश फेरा सोडायचा. तो सोडताना आपल्या चेतक स्कूटरची क्लच केबल आठवली. "फार आवळू नको, थोडा प्ले ठेव." अंगणात पोतं टाकून तुम्ही बसलेले, मी स्क्रू सांभाळत शेजारी, आणि स्क्रू आईच्या आमटीच्या वाटीत. ती वाटी मग कधी स्वयंपाकघरात परत गेलीच नाही ना?

आता आईसाठी. जॅकने गाडी फक्त उचलायची, त्याच्या भरवशावर खाली जायचं नाही. खाली दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड असतात आणि आत जाण्याआधी मी गाडी दोन्ही हातांनी हलवून बघते. काँक्रीटची सपाट जमीन आहे, खाली जाड चटई, हातात मोजे, डोक्यावर तू विणलेली टोपी. टोपीला ऑइल लागलंय, रागावू नकोस. शेजारचे आजोबा दर अर्ध्या तासाने डोकावतात. जेवण वेळेवर होतं, ज्वारीचं पीठ अजून आहे.

तुम्हाला न विचारता ठरवलं याचं वाईट वाटलं असेल, बाबा. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मला ते मोडवलं नसतं.

आता माझं ऐका. मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर म्हणून पुढे ढकलायचं नाही, दादाला तारीख घ्यायला सांगितलीय. गच्चीवरच्या टाकीवर चढणं बंद. चेतकला किक मारायची नाही, गुडघ्याचं काय झालंय ते माहितीय. उद्यमनगरातल्या कुणा मेकॅनिकला बोलावून दर आठवड्याला सुरू करून घ्या. आई, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडायची नसते, आणि दोघांच्या गोळ्या एका डब्यात ठेवू नकोस.

दादाबरोबर मेतकूट पाठवू नकोस, पुष्कळ आहे. तिळाची चटणी पाठव. आणि बाबांचा दहा-अकराचा जुना रिंग पाना, चालत असेल तर.

तुमची,
छोटी